अतिभाराचा हिशेब

तत्त्वार्थसूत्रात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यांपैकी एक अतिभारारोपण. मुक्या जनावरावर त्याच्या शक्तीबाहेर ओझे लादणे, हा श्रावकाच्या व्रताला लागणारा दोष होय. व्यापारातून बैल गेला आणि ट्रक आला. दोष मात्र गेला नाही.

लासलगाव-पिंपळगावचा कांदा असो वा सातपूर-अंबडचा कारखानी माल, मुंबईच्या वाटेवर अनेकदा कसारा घाट उतरावा लागतो. उतारावर वेग आवरताना ब्रेकवर येणारा ताण वजनाच्या प्रमाणात वाढतो. ब्रेक आणि टायर ठरावीक भारासाठीच घडवलेले असतात. भार त्यापलीकडे गेला की ब्रेक तापतात आणि त्यांची पकड सुटते. मग टक्कर झालीच, तर नुकसान समसमान वाटले जात नाही. 25 टनांचा ट्रक आणि 1 टनाची मोटार समोरासमोर धडकली, तर ट्रकच्या वेगात पडणाऱ्या फरकाच्या 25 पट फरक मोटारीच्या वेगात पडतो. धक्का हलक्याच्या वाट्याला येतो. पायी चालणाऱ्याचे तर विचारायलाच नको.

2018 मध्ये शासनाने दहाचाकी ट्रकची एकूण वजनमर्यादा 25 टनांवरून 28.5 टनांवर नेली. तरीही ‘एवढ्याने काय होते’ म्हणत वर आणखी चार पोती चढतातच. 2019 च्या दुरुस्तीनंतर जादा भाराला 20,000 रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे 2,000 रुपये दंड आहे. गाडी हाकणाऱ्याइतकाच, ती तशी हाकायला लावणाराही कायद्याने दोषी ठरतो.

व्यापारी वाचलेले भाडे जमेस धरतो. नावे बाजूला मात्र चालकाचा जीव मांडलेला नसतो. बैल मुका होता म्हणून बोलत नसे. चालक पोटासाठी गप्प बसतो. याच महामार्गाच्या कडेने, विल्होळीच्या तीर्थाकडे येता-जाता, साधू-साध्वी विहार करतात. पुढची चार हात भूमी न्याहाळून पाऊल टाकणे ही त्यांची ईर्यासमिती. मागून येणारा ट्रक थांबवणे त्यांच्या हाती नाही. ते माल भरणाऱ्याच्या हाती आहे.

म्हणून वजनकाट्याची पावती पाहिल्याशिवाय गाडी सोडू नये आणि मर्यादेवरचे पोते उतरवून ठेवावे. त्या फेरीत नफा थोडा घटेल. व्रत मात्र अखंड राहील.