चिकटतं, चिकटत नाही

भांड्यांच्या दुकानात खिशातून लोहचुंबक काढणारं एखादं गिऱ्हाईक असतंच. चिकटला तर खोटं स्टील, नाही चिकटला तर खरं. हे अर्धंच बरोबर आहे. 304 जातीच्या स्टीलमध्ये साधारण 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असतं. निकेलमुळे अणूंची मांडणी बदलते आणि चुंबक त्याला धरत नाही. पण निकेल वाचवून मँगनीज घातलेलं स्वस्तातलं 202 सुद्धा चुंबकाला दाद देत नाही. उलट चांगल्या 304 चा पत्रा ओढून-दाबून घडवला, की काठाला चुंबक किंचित धरू लागतो. आणि हेच गिऱ्हाईक इंडक्शनची शेगडी घेतं तेव्हा भांड्याच्या तळाला चुंबक चिकटलाच पाहिजे!

*

रक्तातलं लोह खेचून रक्ताभिसरण सुधारणारी चुंबकी कडी अजून खपतात. एमआरआयच्या यंत्राचं क्षेत्र 1.5 किंवा 3 टेस्ला, म्हणजे फ्रिजवरच्या चुंबकाच्या शेकडो पट. त्यात माणूस निवांत पडून असतो, त्याचं रक्त एका बाजूला गोळा होत नाही. हिमोग्लोबिनमधलं लोह सुटं सुटं असतं, आणि ओढ निर्माण होते ती शेजाऱ्यांच्या एकमतातून. प्रत्येक इलेक्ट्रॉन मुळात एक बारका चुंबकच. लोखंडाच्या तुकड्यात शेजारशेजारच्या अणूंमधले असे असंख्य चुंबक एकाच दिशेला तोंड करतात. त्यांचे गट पडतात, त्यांना डोमेन म्हणतात. साध्या खिळ्यात हे गट वेगवेगळ्या दिशांना असतात, म्हणून खिळा खिळ्याला ओढत नाही. चुंबक जवळ आणला की त्याच्या बाजूचे गट वाढतात, बाकीचे आक्रसतात. मऊ लोखंड चुंबक दूर नेताच बहुतेक सगळं विसरतं, कठीण पोलाद धरून ठेवतं.

चुंबक तोडला तर दोन्ही तुकड्यांना दोन-दोन ध्रुव का, तेही इथेच उलगडतं.

*

लसूण चोळला की चुंबकाची शक्ती जाते, असं युरोपात कित्येक शतकं मानत. विल्यम गिल्बर्टने 1600 साली आपल्या ग्रंथात ती समजूत मोडीत काढली. लसणीची चटणी वाटणाऱ्या कुणाला विचारलं असतं तरी चाललं असतं.

*

चुंबकत्व खरंच घालवते ती उष्णता. लोखंड 770 अंश सेल्सिअसला, निकेल 358 च्या आसपास. त्यापुढे अणूंची थरथर इतकी वाढते की एकमत टिकत नाही.

म्हणूनच शालेय पुस्तकातली ती आकृती मला खटकते: पृथ्वीच्या पोटात तिरपी ठेवलेली, अर्धी लाल अर्धी निळी पट्टी. गाभ्याचं तापमान हजारो अंश, तिथे कुठली पट्टी टिकणार? बाह्य गाभ्यातलं वितळलेलं लोखंड घुसळत राहतं, त्यात वीजप्रवाह वाहतात, आणि प्रवाहाभोवती चुंबकी क्षेत्र तयार होतं. तारेतल्या प्रवाहाने होकायंत्राची सुई हलते, हे शास्त्रज्ञ ओर्स्टेडने 1820 मध्ये दाखवलं, तीच गोष्ट. आकृती सोयीची आहे, पण मुलांच्या डोक्यात ती पट्टी कायमची बसते.

*

पृथ्वीचं क्षेत्र अगदी क्षीण. कोकणात त्याचा आडवा घटक 38,000 नॅनोटेस्लाच्या आसपास भरतो. फ्रिजवरचा चुंबक याच्या शंभरपट तरी असतो. इतकं हलकं काही मोजायचं तर आसपासचं लोखंड आणि वीज हटवावी लागते. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून या नोंदी होत. 2 सप्टेंबर 1859 ला सौर वादळात तिथला आडवा घटक सुमारे 1,600 नॅनोटेस्लाने घसरला. आदल्या दिवशी इंग्लंडमध्ये खगोलशास्त्रज्ञ कॅरिंग्टनने सूर्यावर लखलखाट पाहिला होता. त्या वादळाची ताकद ताडताना संशोधक आजही कुलाब्याची ही नोंद काढतात.

पुढे शहरात विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर हे काम धोक्यात आलं. संचालक नानाभाई मूस यांनी सुमारे 30 किलोमीटरवरचं अलिबाग निवडलं. 1904 ते 1906 दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या, म्हणजे जुनी मालिका नव्याला जोडता यावी. ट्राम 1907 मध्ये धावली. मूस यांची ही दोन वर्षं मला सगळ्यात मोलाची वाटतात. जागा बदलणं सोपं असतं, मोजमाप न तुटू देणं अवघड. इमारतीला दगड आणला पोरबंदरचा, पारखून. दाराशी मिळणारा काळा दगड चालणार नव्हता, कारण तो स्वतःच चुंबकी.

*

त्या काळ्या दगडाबद्दल. बेसॉल्टमध्ये मॅग्नेटाइटचे कण असतात. लाव्हा थंड होताना 580 अंशांच्या खाली आला, की त्या वेळच्या क्षेत्राची दिशा हे कण पकडून ठेवतात. दख्खनचा लाव्हा साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा. त्यातल्या बऱ्याच थरांमधली दिशा आजच्या उलट आहे, कारण तेव्हा पृथ्वीचे चुंबकी ध्रुवच उलटे होते. कणांनी पकडलेल्या दिशेचा क्षितिजाशी होणारा कोन सांगतो की हा सगळा कातळ तेव्हा विषुववृत्ताच्या बऱ्याच दक्षिणेला होता.

फक्त नमुना कुठून घ्यायचा हे बघावं लागतं. उघड्या माथ्यावर वीज पडते, तिचा प्रवाह खडकातून जातो आणि जुनी दिशा पुसून नवी उमटवतो. गडमाथ्यावर होकायंत्र कधी कधी वेडंवाकडं फिरतं ते यामुळेही. म्हणून नमुने घेणारी मंडळी शिखरं सोडून खाणीत आणि घाटरस्त्यासाठी फोडलेल्या दरडींपाशी जातात.