कण्हेर, बिट्टी आणि तगर

आमचें उचगांव करवीर तालुक्यांत मोडतें. कोल्हापूर क्षेत्राचें 'करवीर' हें जुनें नांव सर्वांस ठाऊक आहे. परंतु संस्कृतांत करवीर म्हणजे कण्हेर, असें आम्ही वर्गांत सांगितलें कीं मुलें चकित होत. अमरकोशांत तिचें आणखी एक नांव आहे, 'हयमारक', म्हणजे घोड्यास मारणारा. पूर्वजांनीं नांवांतच सूचना देऊन ठेविली. आपण मात्र पूजेच्या फुलांकरितां तें झाड दाराशीं लावितों आणि सूचना विसरतों.

गेल्या श्रावणांत आमच्या धाकट्या नातवानें परडींत तगरीबरोबर कण्हेरीचींही फुलें आणिलीं आणि तसाच हात तोंडांत घातला. सुदैवानें कांहीं झालें नाहीं. पण परसांतील कण्हेर, बिट्टी व तगर हीं तिन्ही झाडें तोडावींत असा सूनबाईंनीं आग्रह धरिला. वडील मंडळींस तर महादेवास वाहण्यासाठीं पांढरी कण्हेर हवी. दोन्ही पक्षांचें म्हणणें रास्त होतें. आमचें म्हणणें इतकेंच, कीं आधीं ओळख, मग निवाडा.

फूल नसतांनाही ओळख पटावी म्हणून पान पाहावें. कण्हेरीचीं पानें लांब, अरुंद व चामड्यासारखीं जाड. बहुधा एका पेरावर तीन-तीन. बिट्टीचीं, म्हणजे पिवळ्या कण्हेरीचीं, त्याहून अरुंद व चकचकीत, फांदीवर एकेक करून येणारीं. फळ हिरवें, कोनदार, पिकल्यावर काळें पडणारें. हें झाड मूळचें अमेरिकेंतील. म्हणून अमरकोशांत तें शोधणें व्यर्थ होय. तगरीचीं पानें रुंद, समोरासमोर दोन. पांढऱ्या फुलाच्या पाकळ्या चक्रासारख्या एका बाजूस वळलेल्या. तीन, एक, दोन, एवढें पाठ असावें. चिकावर विसंबूं नये. तो बिट्टीस येतो तसाच तगरीसही येतो.

कण्हेर व बिट्टी ह्या दोहोंच्या सर्वांगांत हृदयाची गति बिघडविणारें विष आहे. पानें वाळलीं वा उकळलीं तरी तें जात नाहीं. तगरींत तें विष नाहीं, तथापि तीही खाण्याची वस्तु नव्हे. मुलानें चुकून पान किंवा बीं चघळलें तर घरगुती उपायांत वेळ न दवडतां त्यास थेट रुग्णालयांत न्यावें व त्या झाडाची डहाळी बरोबर घ्यावी. डॉक्टरांस निदान सोपें जातें.

आमच्या घरीं असें ठरलें. कुंपणाजवळची बिट्टी काढिली, कारण तिच्या कठीण बिया पोरें खेळावयास उचलतात. तिचें लाकूड बंबांत घातलें नाहीं; धूरही बाधक असतो. कण्हेर परसाच्या टोकास राहिली. तिचीं फुलें वडील माणसांनींच तोडावीं व लागलेच हात धुवावे, असा नियम झाला. तगर मुलांच्या वाट्यास आली. नातू आतां फुलास हात लावण्यापूर्वीं पेरावरचीं पानें मोजतो. सूनबाईंचें पूर्ण समाधान झालेलें नाहीं. आणि आईच्या मनांत थोडी धास्ती उरावी, हें आम्हांस योग्यच वाटतें.