शेऱ्याचा रकाना

महिना अखेरीस आला म्हणजे घराला आपोआप एक प्रकारचा समंजसपणा येतो, हे कोणत्याही गृहिणीस सांगावयास नको. तुरीच्या डाळीचा डबा तळाला गेलेला असतो, तेलाचे भांडे तिरपे करावे लागते, आणि मुलांनासुद्धा काही मागावयाचे झाल्यास ते पहिल्या तारखेनंतर मागावे एवढी जाण आलेली असते. अशा दिवसांत हिशेबाची वही पुढे घेऊन बसण्याचा माझा नेम आज तीस वर्षे चालू आहे. या नेमातून मला जे थोडे उमगले, ते वाचक बंधुभगिनींपुढे मांडावे, असे बरेच दिवस मनात होते.

आमचा मुलूख सातपुड्याच्या कुशीतला. माझे माहेर सौंसरचे आणि सासर पांढुर्ण्याचे. हे दोन तालुके मिळून ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. त्यापूर्वी आम्ही छिंदवाडा जिल्ह्यात मोडत होतो. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा नागपूर आणि विदर्भ मुंबई राज्यात गेले व आम्ही मध्य प्रदेशात राहिलो. तेव्हापासून घरात मराठी, शाळेत व कचेरीत हिंदी, आणि बाजारात दोन्ही, असा आमचा व्यवहार आहे. माझ्या वहीत ‘जमा’ आणि ‘खर्च’ मराठीत लिहिलेले असतात, आणि त्यांचा ताळा मात्र हिंदीतील पासबुकाशी घालावा लागतो!

परंतु भाषेपेक्षाही अवघड ताळा आहे तो काळाचा. आमच्याकडे मुख्य उत्पन्न संत्र्याचे. आंबिया बहाराची फुले जानेवारी-फेब्रुवारीत येतात आणि फळ दिवाळीच्या मागेपुढे उतरू लागते; मृग बहार पावसाच्या आरंभी फुलतो आणि त्याचे फळ फेब्रुवारी-मार्चात हाती येते. कापूस वेचणीला येतो तो दसऱ्याच्या सुमारास. म्हणजे पैसा येतो तो हंगामाने, वर्षातून एकदोनदा. आणि किराणा, दूध, वीज, औषधे, शाळेची फी या साऱ्यांना मात्र दर महिन्याला तोंड द्यावे लागते. त्यातून सणवार चालतात ते मराठी महिन्यांच्या हिशेबाने. श्रावणी अमावस्येला पोळा येतो, दुसऱ्या दिवशी जाम नदीवर पांढुर्णा आणि सावरगाव यांची गोटमार होते, आणि त्या दोन दिवसांत घर पाहुण्यांनी भरून जाते. अधिक महिना आला की जावयाच्या वाणाचा खर्च वाढतो. २०२३ साली तर श्रावणच अधिक आला होता. बहाराचे वर्ष, पंचांगाचे वर्ष आणि बँकेचे वर्ष अशी तीन वर्षे एकाच घरात नांदतात, आणि त्या तिघांची समजूत घालावयाचे काम गृहिणीकडे येते.

यास्तव माझ्या सासऱ्यांनी एक रीत घालून दिली होती. बागेचा पैसा आला की प्रथम पुढील हंगामाच्या खताचा, औषधांचा व मजुरीचा भाग बाजूस काढावयाचा आणि उरलेल्याचे बारा समान वाटे करावयाचे. एका महिन्याने दुसऱ्याच्या वाट्याला हात लावावयाचा नाही. त्यांच्या जुन्या वह्या लाल कापडात बांधलेल्या अजून आमच्या घरी आहेत. १ एप्रिल १९५७ रोजी नवे पैसे चालू झाले; त्यापूर्वी एका रुपयाचे सोळा आणे, चौसष्ट पैसे आणि एकशे ब्याण्णव पया होत. त्या काळच्या पानांवर आणे-पै आणि पुढील पानांवर नवे पैसे पाहताना मोठी गंमत वाटते.

या सर्व वह्यांत मला एक गोष्ट समान दिसली. तारीख, तपशील, जमा, खर्च या चार रकान्यांनंतर ‘शेरा’ म्हणून एक पाचवा रकाना असतो, आणि तो बहुधा कोराच राहतो. इतकी जागा वाया का घालवावी, अशा काटकसरी विचाराने मी त्यात एकेक शब्द लिहू लागले. तो खर्च करताना मनात जी भावना होती, तिचा तो शब्द. गरज, माया, आनंद, भीती, लाज, कंटाळा हे सहाच शब्द मी ठरवून घेतले. कारण शब्द वाढले की मन पळवाटा शोधते. सासूबाईंच्या डोळ्यांत घालावयाच्या थेंबांपुढे ‘गरज’ आले. माहेरच्या भाच्याला पाठविलेल्या पुस्तकांपुढे ‘माया’. शेजारच्या वावरात फवारणी झाली, आपण मागे राहू नये म्हणून आपल्याही झाडांवर झाली, तिच्यापुढे ‘भीती’. रिकाम्या दुपारी मोबाईलवर पाहून मागविलेल्या वस्तूंपुढे ‘कंटाळा’. आणि चार लोक काय म्हणतील, एवढ्याच कारणाने दिलेल्या आहेरापुढे ‘लाज’.

पुढे वाचनात आले की, हिशेबाच्या वहीतून मनाकडे पाहण्याचा हा प्रकार दूरदेशीही आहे. जपानमध्ये हानी मोतोको नावाच्या एका विदुषीने १९०४ साली गृहिणींसाठी जमाखर्चाची वही प्रसिद्ध केली. ही बाई वृत्तपत्रात काम करणाऱ्या तेथील पहिल्या स्त्रियांपैकी होती. अशा वहीला तिकडे ‘काकेइबो’ म्हणतात. शिल्लक महिन्याच्या आरंभीच बाजूस ठेवावयाची, खर्च हाताने लिहावयाचा आणि महिनाअखेर आपण कशासाठी खर्च केला याचा शांतपणे विचार करावयाचा, असा तिचा परिपाठ. गांधीजींनीही विलायतेत शिकत असताना पै-पैचा हिशेब लिहून ठेवला होता, हे त्यांच्या आत्मकथेच्या वाचकांना ठाऊक आहेच.

‘आनंद’ या शब्दापुढील रकमा पाहून माझे मलाच नवल वाटते. मोगऱ्याचा गजरा. सायकलवरून येणाऱ्या कुल्फीवाल्याकडील चार कुल्फ्या. हिवाळ्यात वावरात केलेल्या रोडगे आणि वांग्याच्या भाजीसाठी घेतलेले तूप. सासूबाईंच्या रेडिओचे सेल. त्यांना नागपूर आकाशवाणी ऐकल्याशिवाय संध्याकाळ झाल्यासारखी वाटत नाही. लहानपणी सौंसरहून नागपूरला नॅरोगेजच्या छोट्या गाडीने जाताना खिडकीतून घेतलेले फुटाणे मला अद्याप आठवतात. ती गाडी २०१५ साली बंद झाली आणि पुढे तो मार्ग रुंद झाला. परंतु फुटाण्यांची चव काही गेली नाही. इतक्या स्वस्त आणि इतक्या टिकाऊ वस्तू दुसऱ्या कोणत्या असतील?

या रकान्याची खरी परीक्षा एका वाईट वर्षी झाली. ऑगस्टमध्ये पाऊस उघडेना. झाडांच्या मुळांशी पाणी साचून राहिले आणि आंबियाच्या फळांची गळ सुरू झाली. सकाळी बागेत गेले की झाडाखाली हिरवी फळे अशी पडलेली दिसत, की पाऊल कोठे ठेवावे असा प्रश्न पडे. ज्या व्यापाऱ्याने झाडावरची फळे पाहून इसार दिला होता, त्याने बागेचा भाव निम्म्यावर आणला. त्याचेही काय चुकले? फळच नव्हते. त्याच वेळी आमची मुलगी नागपुरास परिचारिकेचे शिक्षण घेत होती. तिची वर्षाची फी भरावयाची होती. आणि दिवाळीनंतर यजमानांच्या पुतणीचे लग्न निघाले होते. घराण्यातील प्रत्येक मुलीला काकाने सोन्याचा दागिना घालावयाचा, ही आमच्याकडील जुनी रीत.

त्या महिन्याच्या अखेरीस यजमान वहीपाशी येऊन बसले. त्यांनी पेन्सिलीने एकेका ओळीवर काट मारावयास आरंभ केला. गजरा, कुल्फी, माझी माहेरची फेरी, वर्तमानपत्र, रेडिओचे सेल. दागिन्यासाठी मात्र सावकाराकडून रक्कम उचलावी, असे त्यांनी ठरविलेले दिसले. मी वाद घातला नाही. मागील बारा महिन्यांची पाने त्यांच्यापुढे ठेविली आणि शेऱ्यातील शब्दांप्रमाणे बेरजा करावयास सांगितले. हिशेबात ते माझ्यापेक्षा पक्के. अर्ध्या तासाने कागदावर आकडे उभे राहिले. वर्षभरातील साऱ्या ‘आनंदा’ची बेरीज ४,३१० रुपये झाली होती. ‘लाज’ आणि ‘भीती’ या दोहोंची मिळून ६१,००० रुपयांच्या वर गेली होती.

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. घराण्याची रीत मोडणे ही लहान गोष्ट नव्हे. मोठ्या भावासमोर उभे राहून ‘या वर्षी जमणार नाही’ असे म्हणावयास जे लागते ते पैशाने मिळत नाही. बाजेवर पडून सर्व ऐकणाऱ्या सासूबाईच अखेर बोलल्या, “सोनं नाही घातलं म्हणून त्या पोरीचा संसार अडत नाही, बाबू. फीस नाही भरली तर आपल्या पोरीचं मात्र अडंन.”

आम्ही लग्नाला गेलो तेव्हा पुतणीला पितळेची एक जड परात आणि एक साधी साडी दिली. मांडवात कुजबूज झाली, आणि ती मला ऐकू आली. तिचे वाईट वाटले नाही असे म्हटले तर ते खरे होणार नाही. यजमानांनी तर त्या दिवशी नीट जेवणही केले नाही. परंतु फी वेळेवर भरली गेली, सावकाराच्या ओट्यावर जावे लागले नाही, आणि घरातील रेडिओ बंद पडला नाही. पुतणी पोळ्याला आली तेव्हा त्याच परातीत कणीक मळतो असे हसून सांगत होती.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. ज्या घरात प्रत्येक रुपयापुढे ‘गरज’ हाच शब्द लिहावा लागतो, त्या घराला काटकसरीचा उपदेश करणे हा उद्धटपणा होय. आमच्याकडे संत्र्याच्या तोडणीला येणाऱ्या एका बाईने मला हे शिकविले. जून २०२३ पासून मध्य प्रदेशात लाडली बहना योजनेचे दरमहा हजार रुपये बायकांच्या खात्यात येऊ लागले आणि पुढे ती रक्कम वाढली. मजुरी कधी मिळते, कधी मिळत नाही. ठराविक तारखेला स्वतःच्या नावावर येणारा पैसा ती आयुष्यात प्रथमच पाहत होती. त्याचे काय करतेस, असे मी विचारले. ती म्हणाली, “तेल, मीठ, पोराच्या वह्या. अन् वीस रुपयांची जिलबी, बाई. ते पहिले काढून ठेवतो.” तिने वही कधी हाती धरली नाही, परंतु आनंदाचा वाटा प्रथम बाजूस काढावा, तो उरल्यासुरल्यातून देऊ नये, हे तिला कोणी शिकवावे लागले नव्हते.

मला वाटते, या तिच्या शहाणपणात बराच अर्थ आहे. टंचाई आली की आपला हात प्रथम लहान सुखांवर जातो, कारण ती मुकी असतात. कुल्फी किंवा गजरा आपल्याशी भांडावयास येत नाही. लोकलाजेचा खर्च मात्र मोठ्या आवाजाचा असतो, म्हणून तो सहसा कोणी छाटत नाही. शिवाय लहान आनंद सर्वस्वी तोडले, तर मनाची भूक जात नाही. ती दुसऱ्या वाटेने बाहेर पडते आणि महाग पडते. माझ्या वहीत ज्या महिन्यांत ‘आनंद’ अगदीच थोडा आहे, त्यांच्या पुढील महिन्यांत ‘कंटाळा’ हमखास वाढलेला दिसतो.

आजकाल हे काम थोडे अवघडही झाले आहे. नोट मोडताना मन क्षणभर थांबत असे. २०१६ साली यूपीआय आले, आणि आता भाजीवालीच्या टोपलीलाही चौकोनी चित्राचा कागद बांधलेला असतो. पैसा हातातून गेल्याचे हाताला कळतच नाही. मोबाईल खर्चाची यादी दाखवितो खरा, परंतु शेऱ्याचा रकाना काही तो भरून देत नाही. तो आपला आपणच, रोज झोपण्यापूर्वी, पेनाने भरला पाहिजे.

ज्या भगिनींना किंवा बंधूंना हा प्रयोग करून पाहावासा वाटेल, त्यांना मी एवढेच सुचवीन. शब्द पाचसहाच ठेवावेत. दुसऱ्याच्या खर्चापुढे आपण शेरा लिहू नये. ज्याने खर्च केला त्यालाच विचारावे, म्हणजे घरात हिशेबाचे भांडण होत नाही. महिनाअखेर बेरीज करण्यापूर्वी तो रकाना वरपासून खालपर्यंत एकदा वाचावा. आणि मुले लिहिण्याजोगी झाली की त्यांच्या हाती ती वही द्यावी. आमची धाकटी आता आठवड्यातून एकदा लिहिते. परवा तिने कुल्फीपुढे ‘गरज’ असे लिहून ठेवले आहे, आणि मी ते खोडलेले नाही.