खेळांचें मासिक व आमचें वार्षिक

यंदा दिवाळीच्या सुटीपूर्वीं इयत्ता आठवींतील एका विद्यार्थ्याच्या बाकाखालीं आम्हांस व्हिडिओ गेमचें एक इंग्रजी मासिक सांपडलें. नियमाप्रमाणें आम्हीं तें काढून घेतलें व तास संपल्यावर त्यास जवळ बोलाविलें. मुलगा घाबरला नाहीं. त्यानें अंक उघडला व म्हणाला, "सर, या पानावर एका खेळाला शंभरांपैकीं ब्याण्णव गुण दिले आहेत, आणि पान उलटलें कीं त्याच खेळाची जाहिरात आहे. मग हे गुण खरे मानायचे का?"

आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. "शोधून सांगतों," असें म्हणून आम्हीं अंक परत दिला. सुटींत या विषयावर जें वाचलें, त्याचा सारांश विद्यार्थ्यांस व पालकांस उपयोगी पडेल अशा आशेनें येथें देत आहों.

आपणांस वाटतें कीं, खेळ बाजारांत येतो, कोणी तो खेळून पाहतो, आणि मग त्याविषयीं लिहितो. छापील मासिकाचें काम असें चालत नाहीं. अंक लिहून, छापून दुकानीं पोहोंचण्यास कित्येक आठवडे लागतात. म्हणून खेळ विक्रीस येण्यापूर्वींच तो संपादकाच्या हातीं यावा लागतो. तो देते कोण? खेळ तयार करणारी कंपनीच. पुष्कळदां ती प्रत अपुरी असते. पूर्वीं तर पडद्यावरचें चित्र मिळविण्यासाठीं खोलींत काळोख करून, तिपाईवर कॅमेरा ठेवून, पडद्याचाच फोटो काढीत. पुढें जाहिरातीचें पान विकत घेते तीहि तीच कंपनी. नाताळच्या खरेदीचे दिवस आले कीं अशा जाहिरातींनीं अंक जाडजूड होतो. म्हणजे बातमी, खेळाची प्रत व पैसा हीं तिन्ही एकाच दारानें आंत येतात. वाचक मात्र दुसऱ्या दाराशीं उभा असतो, खाऊचे पैसे मुठींत धरून.

इंग्लंडांत लडलो नांवाचें एक लहानसें गांव आहे. तेथून १९८४ सालीं 'क्रॅश' नांवाचें मासिक निघूं लागलें. 'झेडएक्स स्पेक्ट्रम' या घरगुती संगणकावरील खेळांस तें वाहिलेलें होतें. त्याचें मूळ पाहिलें तर तें टपालानें खेळ विकणाऱ्या मंडळींचें सूचीपत्र! विक्रेत्याच्या घरीं जन्मलेल्या या मासिकानें वाचकांचा विश्वास कसा मिळविला? चालकांनीं गांवांतील शाळकरी मुलांस बोलावून त्यांच्याकडून खेळ तपासून घेतले. एकेका खेळावर तिघांचीं मतें छापीत व शेवटीं शेकडा गुण देत. वाचकांच्याच वयाचीं हीं मुलें. जो खेळ त्यांस कंटाळवाणा वाटे, त्यास तीं कंटाळवाणा म्हणत. ऑलिव्हर फ्रे या चित्रकाराचें रंगीत मुखपृष्ठ पाहून ग्राहक अंक उचली. परंतु पुढच्या महिन्यांत तो परत येई तो त्या मुलांच्या शब्दावर विसंबून, असें आम्हांस वाटतें.

अमेरिकेंत याच्या अगदीं उलट रीत दिसली. १९८८ सालीं 'निन्टेंडो पॉवर' निघालें, तें खेळ विकणाऱ्या कंपनीनेंच काढलें. पहिला अंक तिनें आपल्या मंडळाच्या लक्षावधी सभासदांस फुकट धाडला. त्यांत खेळांतील वाटांचे नकाशे होते, अडलेल्यांस युक्त्या होत्या, भिंतीवर लावावयास चित्रें होतीं. मुलांस तें अतिशय आवडे, आणि कामहि मनापासून केलेलें असे. पण जो माल विकतो तोच त्याची वाखाणणी करतो, तेव्हां तें सबंध मासिक हीच एक जाहिरात होय. १९९० सालीं वर्गणी भरणारांस 'ड्रॅगन वॉरियर' हा खेळ तिनें फुकट वाटला. हें मासिक २०१२ पर्यंत चाललें.

वाचकास ओढण्याच्या युक्त्या आणखीहि आहेत. अंकाबरोबर आधीं कॅसेट, मग सीडी देण्याची चाल पडली. आपल्याकडील संगणकाच्या मासिकांबरोबरहि सीडी मिळत असे, हें आमच्या पिढीच्या पालकांस आठवत असेल. अमेरिकेंतील 'गेम इन्फॉर्मर' तर खेळांच्या दुकानांतच सभासदत्वाबरोबर मिळे. दुकानाच्या मालकांनीं २०२४ सालीं तें बंद केलें, आणि २०२५ सालीं दुसऱ्या मालकाच्या हातीं तें पुन्हां सुरू झालें. जपानांत १९८६ पासून निघणाऱ्या 'फामित्सू'ची गुण देण्याची पद्धति चांगली वाटली: चार परीक्षक, प्रत्येकाचे दहा गुण, बेरीज चाळीस. एकट्याच्या मर्जीवर कांहीं सोडलेलें नाहीं.

सुटी संपल्यावर आम्हीं त्या विद्यार्थ्यास इतकेंच सांगितलें: "जाहिरात शेजारीं आहे म्हणून गुण खोटे ठरत नाहींत. पण या मासिकानें जाहिरात देणाऱ्यास कधीं कमी गुण दिले आहेत का, तें मागच्या अंकांत शोध. तसें सांपडलें, तर वरचे गुणहि खरे मान."

मुलगा समाधानानें गेला. आमचें समाधान मात्र झालें नाहीं. कारण तीच कसोटी आमच्या स्वतःच्या हातांतील अंकास लावावी लागली.

गेल्या वर्षीं या वार्षिकाच्या मराठी विभागासाठीं सातवींतील एका विद्यार्थिनीनें उन्हाळी शिबिराचें वर्णन लिहून दिलें होतें. त्यांत दोन वाक्यें होतीं. दुपारनंतर शिबिरांतील पिण्याचें पाणी संपत असे. आणि पोहण्याच्या तलावावर चाळीस मुलांमागें एकच शिक्षक असे. शिबिराच्या चालकांनीं आमच्या अंकास पूर्ण पानाची जाहिरात दिली होती. आम्हांस कोणीं कांहीं सांगितलें नाहीं. सांगण्याची गरजच पडली नाहीं. आम्हींच लेखणी उचलून तीं दोन वाक्यें खोडलीं. अंक हातीं पडल्यावर मुलगी विचारावयास आली, "सर, तीं वाक्यें चुकलीं होतीं का?" आम्ही म्हणालों, "जागा पुरली नाहीं." तें खरें नव्हतें. त्याच पानाच्या तळाशीं चार ओळींची जागा मोकळी होती, व तेथें आम्हीं वेलबुट्टी छापली होती.

दोन धन्यांची चाकरी करूं नये, हें आम्ही दर वर्षीं नीतिशिक्षणाच्या तासाला शिकवितों. पैशाचा धनी कसा न बोलतां चाकरी करून घेतो, हें मात्र आम्हांस एका खेळांच्या मासिकानें शिकविलें. आमच्या अंकावर विसंबून ज्या पालकांनीं आपलीं मुलें त्या तलावावर पाठविलीं असतील, त्यांचें आम्ही देणें लागतों.

त्या मुलीची आम्हीं तिच्या आईवडिलांसमक्ष क्षमा मागितली. तिच्या संमतीनें तीं दोन्ही वाक्यांतील मजकूर वर दिला आहे. यंदा जाहिराती गोळा करतांना शिबिराच्या चालकांस हें आधींच कळविलें. त्यांनीं जाहिरात दिली नाहीं. त्या पानावर यंदा इयत्ता पांचवीच्या मुलांनीं काढलेलीं चित्रें छापलीं आहेत. तीं वाचकांनीं अवश्य पाहावींत.