मनीचें छायाचित्र

मनुष्यास ‘हसा’ म्हटलें कीं तो हसतो; मुलास ‘सरळ बैस’ म्हटलें कीं तें क्षणभर तरी सरळ बसतें. मांजरास मात्र कोणतीहि आज्ञा लागू पडत नाहीं. म्हणून ज्यास आपल्या धीराची परीक्षा पाहावयाची असेल, त्यानें घरच्या मांजराचें छायाचित्र घेऊन पाहावें.

आमचें घर शाहूपुरींत. गुळाच्या व्यापाराकरितां राजर्षी शाहू महाराजांनीं वसविलेल्या या पेठेंत उंदरांस उणें नाहीं, आणि म्हणून मांजरांसहि नाहीं. आमच्या घरीं मनी नांवाची कबरी मांजरी चौदा वर्षें होती. दोन वर्षांपूर्वींच्या नाताळांत आमच्या धाकट्या कन्येनें तिला बाहुलीचें झबलें व लाल टोपी घालून मोबाईलवर तिचें चित्र घेण्याचा घाट घातला. थोरल्या भावानें पाय धरले, हिनें टोपीची नाडी बांधली आणि फ्लॅश उडविला. आम्ही बाहेरून आलों तों हा प्रकार होऊन गेला होता. चित्रांत मनीचे कान मागें पडलेले आणि डोळे हिरव्या कांचेसारखे दिसत होते. सुटल्यावर ती जी कपाटाखालीं शिरली, ती संध्याकाळपर्यंत दुधासहि बाहेर आली नाहीं. आमच्या मातोश्री नातीस एवढेंच म्हणाल्या, “बाळे, हें मनीचें चित्र नव्हे, तुझ्या टोपीचें आहे.”

हा मोह नवा नाहीं. १८७० नंतरच्या दशकांत इंग्लंडांतील ब्रायटन येथें हॅरी पॉइंटर नांवाचा छायाचित्रकार होता. आरंभीं तो दूध पिणाऱ्या, टोपलींत निजलेल्या मांजरांचीं साधीं चित्रें घेई. पुढें तीनचाकीवर बसविलेल्या मांजरांस गिऱ्हाईक अधिक, हें त्यास उमगलें. याच्या उलट, फ्रान्समधील मारे या शास्त्रज्ञानें १८९४ सालीं एक चित्रमालिका घेतली. उताणें धरून सोडलेलें मांजर कंबरेंत वांकून आधीं पुढचें अंग वळवितें, मग मागचें, आणि चारी पायांवर उतरतें, हें तींत स्पष्ट दिसतें. पहिल्यानें मांजरास माणूस बनविलें. दुसऱ्यानें मांजर कसें असतें तें पाहिलें.

कोल्हापूर ही तर बाबूराव पेंटरांची नगरी. येथेंच त्यांनीं कॅमेरा घडविला आणि १९२० सालीं ‘सैरंध्री’ हा मूकपट पडद्यावर आणिला. त्यांचे नट सांगितलेलें ऐकत असत. आमची नटी ऐकणारी नव्हती. तेव्हां आम्हीं कन्येस तीन गोष्टी सांगितल्या. फ्लॅश नको, कारण मांजराच्या डोळ्यांत पडद्यामागें एक चकचकीत थर असतो, तो प्रकाश परत फेंकतो. खिडकीचा सकाळचा उजेड पुरे. आणि जमिनीवर पालथें पडून तिच्या डोळ्यांच्या पातळीवर यावें व वाट पाहावी.

तीन सकाळीं केवळ मनीची पाठ दिसली. “बाबा, ती माझ्याकडे बघतच नाहीं हो!” कन्या रडकुंडीस आली.

“मग तूं तिच्याकडे बघ,” आम्ही म्हणालों.

ती बघूं लागली. आठव्या दिवशीं ती चित्र न घेतांच आमच्याकडे आली. “बाबा, मनी सारखी पाणी पिते, आणि खात मात्र नाहीं.” घरांत इतकीं माणसें, पण हें प्रथम त्या पोरीच्याच ध्यानांत आलें. पशुवैद्यांनीं मनीस तपासून तिचीं मूत्रपिंडें थकल्याचें सांगितलें, औषध दिलें व आहार बदलविला. त्यावर मनी आणखी सात महिने सुखानें जगली. त्या अवधींत एके सकाळीं ती आजीच्या वाकळीवर अंग चाटीत बसली असतां कन्येनें तिचें चित्र घेतलें. तींत टोपी नाहीं, झबलें नाहीं. उजेडानें रेघेसारख्या झालेल्या बाहुल्या आहेत आणि एक पाय वर उचललेला आहे.

श्रावणांत मनी गेली. परसांतील तगरीखालीं मुलांनीं तिला पुरलें. टोपीचें चित्र कन्येनें आपण होऊन पुसून टाकिलें. वाकळीवरचें आमच्या भिंतीवर आहे.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकीं पुष्कळांच्या घरीं आज छायाचित्र घेण्याचें साधन आहे. सुटींत घरच्या मांजराचें, कुत्र्याचें, वासराचें चित्र अवश्य घ्या. मात्र बटण दाबण्यापूर्वीं आठ दिवस नुसतें पाहा. मुक्या जिवास आपलें दुखणें सांगतां येत नाहीं. तें पाहणाऱ्यासच दिसतें.