पुंगळ्यांचा भाव

नगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगरात, लष्कराची ‘के. के. रेंज’ आहे. खारे-कर्जुने या गावावरून हे नाव पडले. तेथे रणगाड्यांचा व गोळीबाराचा सराव चालतो. त्या हद्दीला लागून माझे माहेर. शेत नव्हते, रोजगार हमीचे काम वर्षभर पुरत नसे. मग सराव संपून लाल निशाण उतरले की बायामाणसे गोण्या घेऊन माळावर जात. माझी आईही जाई.

लोकांना वाटते, पितळ म्हणजे पैसाच! हिशेब बघा. काडतुसाच्या पितळेत सुमारे सत्तर भाग तांबे व तीस भाग जस्त, म्हणून भंगारात तिला लोखंडापेक्षा चांगला भाव. पण इन्सास रायफलीची पुंगळी जेमतेम सहा ग्रॅमची. किलो भरायला दीडशेच्या वर लागतात. शिवाय लष्कर आपल्या पुंगळ्या मोजून परत नेते. उरते ते गवतात हरवलेले. दिवसभर वाकून आईच्या पदरात किलोभरही पडत नसे. भंगारवाला आधी लोहचुंबक फिरवी, मग मातीची तूट धरी, मग तराजू उचली.

आई म्हणे, “बाबा, माल धुऊन आणलाय.”

तो म्हणे, “मावशी, माल कुठला, ते मी विचारतो का?”

आई गप्प होई. लष्कराचा माल उचलणे गुन्हा, हे दोघांनाही ठाऊक होते. पण त्या भीतीची किंमत कापली जाई ती एकट्या आईच्या मापातून.

खरा घात तांब्याने केला. तोफगोळ्याच्या बुडाजवळ तांब्याची पट्टी असते. तिला पितळेहून जास्त भाव, म्हणून लोक गोळ्यावर छिन्नी-हातोडा चालवतात. पण माळावर पडलेला प्रत्येक गोळा फुटलेलाच असतो असे नाही. आमच्या आळीतल्या एका काकांची तीन बोटे अशीच गेली. दवाखान्यात त्यांनी विहिरीच्या कामावर लागले म्हणून सांगितले. दुसरे काय सांगणार?

जाणकारांच्या देखरेखीतही हे काम जिवावर बेतते. वर्धा जिल्ह्यात पुलगावला २० नोव्हेंबर २०१८ रोजी जुना दारूगोळा नष्ट करताना स्फोट होऊन सहा जण गेले. त्यांत आसपासच्या गावांतले मजूर होते.

आईला अक्षर येत नव्हते, पण शिस्त कडक. पुंगळीचे तोंड मोकळे दिसले तरच ती हात लावी. तोंडाशी गोळी दिसली की हात मागे. जड, गंजलेले काही दिसले की लांबून वळसा. आम्हा पोरांना तिने माळावर कधीच नेले नाही.

आई जाऊन नऊ वर्षे झाली. मागच्या सुट्टीत माहेरी गेले, तर नववीतल्या भाच्याने परसात पत्र्याखाली लपवलेली पिशवी दाखवली. पुंगळ्या होत्या, आणि तळाशी तांब्याची वाकडी पट्टी.

“आत्या, हिचे जास्त पैसे येतात,” तो म्हणाला. त्याला सायकलला टायर घालायचे होते.

मी भावाला व वहिनीला बसवून घेतले, काकांनाही बोलावले. काका फारसे बोलले नाहीत. त्यांनी पोराला आपल्या चपलेचा बंद लावायला सांगितला. त्यांना तो त्या हाताने लावता येत नाही.

दुसऱ्या दिवशी भावाने पिशवी पोलीस पाटलाकडे दिली. टायरचे पैसे मी वहिनीजवळ ठेवून आले.