लंडन ते पॅरिस : एक तास वीस मिनिटं?

लेक-जावई किंवा मुलगा-सून लंडनला असली, की आपण तिथं पोचताच कुणीतरी म्हणतंच, “आता पॅरिस काय, हाकेच्या अंतरावर!” नकाशावर ते खरंही दिसतं. लंडनचा हीथ्रो विमानतळ आणि पॅरिसचा शार्ल द गोल यांच्यात सरळ रेषेत साधारण ३४८ किलोमीटर अंतर आहे. मुंबईहून मोटारीनं कोल्हापूर गाठायचं, तर याहून थोडा जास्तच रस्ता पडतो.

विमानाचा वेळ सुमारे एक तास वीस मिनिटं. पण वेळापत्रक पाहिलंत, तर बुचकळ्यात पडाल. लंडनहून दहाला सुटणारं विमान पॅरिसला बारा वीसला पोचतं, आणि परतीचं दहाचं विमान लंडनला दहा वीसलाच! यात चूक काही नाही. पॅरिसचं घड्याळ लंडनच्या एक तास पुढे असतं आणि वेळा त्या त्या गावच्या छापतात, इतकंच.

त्या ऐंशी मिनिटांतसुद्धा विमान हवेत असतं जेमतेम पाऊण-एक तास. बाकीचा वेळ धावपट्टीकडे सरकण्यात आणि वाट पाहण्यात जातो. आता घरच्या हिशेबानं बघू या. शहरातून हीथ्रोला तासभर. तिथं दोन तास आधी हजर. मग विमान. उतरल्यावर पासपोर्टची रांग, सामान, तिथून आगगाडीनं पॅरिसमध्ये. सहा तास कुठंच गेले नाहीत! स्वस्त तिकिटावर ‘पॅरिस-बोव्हे’ असं लिहिलेलं असेल, तर आणखी जपून. तो विमानतळ पॅरिसपासून ८५ किलोमीटर दूर आहे. पुढे सव्वा तास बसमध्ये.

गंमत म्हणजे २५ ऑगस्ट १९१९ रोजी याच दोन शहरांमध्ये रोजची विमानफेरी सुरू झाली, ती हीथ्रोजवळच्याच हाउन्स्लोहून. पहिल्या विमानात एक प्रवासी, वर्तमानपत्रं, शिकारीचे पक्षी आणि डेव्हनशायरची घट्ट साय! वेळ लागला सुमारे अडीच तास. आज जवळजवळ तेवढ्याच वेळात आगगाडी नेते. १९९४ साली समुद्राखालचा बोगदा खुला झाला. लंडनच्या सेंट पँक्रसहून निघालेली युरोस्टार सव्वादोन-अडीच तासांत पॅरिसच्या गार द्यू नोरला, म्हणजे थेट शहरातच उतरवते. फ्रान्सची पासपोर्ट तपासणी लंडनलाच उरकते. तास-दीड तास आधी जावं लागतं खरं, पण बॅग आपल्याजवळच राहते आणि पाण्याची बाटलीही कुणी काढून घेत नाही. गुडघे दुखणाऱ्या सासूबाई बरोबर असतील, तर माझं मत गाडीलाच.

डब्याचं मात्र पाहून घ्या. चिवडा, चकली खुशाल न्या. पेढे, बर्फी, तूप असे दुधाचे पदार्थ ब्रिटनमधून फ्रान्समध्ये नेता येत नाहीत, मग विमान असो की गाडी. ती १९१९ची साय आज जप्तच झाली असती!

आणि तिकिटाआधीची गोष्ट. ब्रिटनचा व्हिसा फ्रान्सला चालत नाही. भारतीय पासपोर्टवर पॅरिससाठी शेंगेन व्हिसा वेगळा लागतो, आणि तो इथून निघण्यापूर्वीच काढावा. पाहुणे म्हणून लंडनला गेल्यावर तिथं तो मिळवणं फार अवघड. उन्हाळ्यात अर्जांची गर्दी असते. जूनमध्ये जायचं, तर मार्चपासूनच कागदपत्रांच्या मागे लागा.